कचोरीच्या वाटेवरची होर्मुझ

जगाचा इतिहास अरुंद जागांनी घडवला आहे, असं भोपाळचे अच्युतराव नाफडे मानत. (समुद्र भोपाळपासून किती दूर, हे त्यांना विचारू नये, दुखावतात.) टी. टी. नगरच्या कचेरीत नकाशे सांभाळून निवृत्त झालेला हा सज्जन माणूस तिथल्या मराठी मंडळात दरवर्षी एकच व्याख्यान देई: 'होर्मुझची सामुद्रधुनी : भूगोल व ऐतिहासिक महत्त्व'. अधिकृत आकडेवारी अशी : आरंभी श्रोते त्रेचाळीस, कचोरीनंतर दोन. पैकी एक पत्नी वसुधाताई. दुसरे सचिव अंबरीश, कारण सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे.

यंदा आभारप्रदर्शनापर्यंत सगळे टिकले नाहीत तर व्याख्यान कायमचं बंद आणि त्या जागी अंताक्षरी, असा मंडळाने ठरावच केला. 

अच्युतरावांनी उपाय शास्त्रीय काढला. कचोऱ्या (शहाऐंशी नग) मंचामागच्या खोलीत हलवल्या. तिकडे जायला कपाट आणि भिंत यांमधली फट तेवढी एकच. टेपने मोजली, तर तेहतीस इंच! होर्मुझही सर्वांत चिंचोळी आहे तिथे तेहतीस किलोमीटर. त्यांना अगदी भरून आलं. फटीत खुर्ची टाकून त्यांनी वसुधाताईंना बसवलं. "आभार झाल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही हं!"

व्याख्यान रंगलं. इकडे इराण, तिकडे ओमान, मधून जगाचं तेल. १५१५ साली पोर्तुगीजांनी तिथलं बेट बळकावलं आणि पुढे शंभरेक वर्षं गलबतांची अडवणूक केली, इथवर ते आले. मागून हिंगाचा वास येत होता, तरी एक माणूस जागचा हलला नाही.

हलल्या त्या वसुधाताई. त्यांनी हे सगळं घरी अकरा वेळा ऐकलं होतं.

"अहो, पुरे आता! अंबरीशभाऊ, माना बरं आभार. आणि टाळ्या वाजवेल त्याला आधी सोडीन."

काय कडकडाट झाला म्हणता! इतिवृत्तात नोंद झाली : शेवटपर्यंत श्रोते त्रेचाळीस, व्याख्यान पुढेही चालू ठेवावे.

अच्युतरावांना सगळ्यांत शेवटी सोडण्यात आलं, कारण स्वतःच्याच भाषणाला टाळ्या वाजवणं त्यांना प्रशस्त वाटलं नव्हतं. ताटात फक्त चटणी होती.

"बघ, लोकांना विषयाची गोडी लागली," ते गहिवरून म्हणाले.

वाचकहो, निदान तुम्ही तरी त्यांचा विश्वास खोटा ठरवू नका. वर न बघता सांगा : पोर्तुगीजांनी बेट कोणत्या साली बळकावलं? आणि कचोऱ्या किती होत्या?

कचोऱ्यांचाच आकडा आठवला ना? मग वाजवा टाळ्या, आणि लागा रांगेला.