तिसरा कॅमेरा आणि फाटकाची कडी

पुरुषोत्तमनगरजवळच्या एका घराच्या अंगणातून वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची एक पाटी दिवसाढवळ्या नाहीशी झाली. फाटकाची कडी दिवाळीपासून निसटलेली होती, पण ती ठोकायची तर शेजारून हातोडी आणावी लागली असती. सबब, घराच्या सुरक्षेसाठी कॅमेरे बसवावेत असा निर्णय सर्वानुमते झाला. सर्वानुमते म्हणजे धर्मेंद्रने घेतला. तो साखर कारखान्यात टाइमकीपर होता. कोण किती वाजता आत आलं याची नोंद नसेल तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्याच्या बायकोचं, चेतनाचं मत कोणी विचारलं नाही. पण आठ महिन्यांची भूमी आईशिवाय राहत नव्हती आणि बापाला लेकीशिवाय करमत नव्हतं, म्हणून शहाद्याच्या दुकानात तिलाही नेण्यात आलं.

"तीनचा सेट घ्या," दुकानदार हेमराज म्हणाला. "मोबाइलवर जगात कुठूनही दिसतं. बोलताही येतं."

"पण बघणार कोण कोण?" चेतनाने विचारलं.

"प्रायव्हसी एकदम पक्की, ताई. तुम्ही ज्यांना पासवर्ड द्याल तेच बघतील."

"घरनाच दखतीन ना," धर्मेंद्र म्हणाला. "परका कोण शे?"

चेतनाने भूमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या सासरी परकं कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पहिला कॅमेरा फाटकावर लागला, दुसरा अंगणावर. तिसऱ्याला काम उरलं नाही. पण दारी आलेल्याला उभं ठेवत नाहीत, म्हणून त्याला मधल्या खोलीत, पाळण्यासमोर जागा मिळाली.

त्या खोलीत चेतनाचा एक तास होता. दुपारी दोन ते तीन. सासूबाई छबूबाई मळ्यात, नवरा कारखान्यात, भूमी पाळण्यात. त्या तासात चेतना अंबाडा सोडायची, पाय स्टुलावर टाकायची आणि तिखटमीठ लावलेली बोरं खात बिया खिडकीतून बाहेर फेकायची. बाकीचे तेवीस तास तिने कुरकुर न करता वाटून टाकले होते. हा एक मात्र पदराच्या गाठीला बांधून ठेवला होता.

पासवर्ड फक्त घरच्यांना द्यायचा असं ठरलं. पहिला मान सुरतेच्या मोठ्या दिराचा. दिराला दिला म्हणून नणंद काजलला. काजलला दिला, मग खांडबाऱ्याच्या उखामामांना का नाही?

"लगीनमा मामा म्हनीसन मी उभा व्हतू. आते मी परका व्हई गऊ का?" मामांनी फोनवर विचारलं.

शेवटी छबूबाईंनी लग्नातल्या पत्रिकांची यादी काढली आणि मानपानाच्या क्रमाने पासवर्ड वाटला. धानोऱ्याच्या आत्याबाई चुकून राहून गेल्या होत्या. त्या रुसल्या. धर्मेंद्र रजा टाकून, नारळ घेऊन, त्यांना प्रत्यक्ष पासवर्ड देऊन आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चेतनाने पहिलं बोर तोंडात टाकलं आणि भिंत बोलली.

"खोकला शे ना तुले? बोरं नको खाऊ वं." आत्याबाई.

चेतनाने बोर गिळलं, बीसकट.

"वहिनी, पाय खाले घे," लगेच काजल. "मन्हा नवरा बी दखस."

त्या रात्री जेवताना चेतना म्हणाली, "तो तिसरा कॅमेरा मले नको."

"चोर सापडू दे पहिले," धर्मेंद्र म्हणाला.

चोर रविवारी सापडला. अंगणातल्या कॅमेऱ्यातून उखामामा सगळ्या घराला उद्देशून म्हणाले, "एवढं सगळं लावं तरी कसाले?"

"एक पाटी मिरच्या चोरी गयी ना, मामा!" धर्मेंद्र म्हणाला.

"चोरी? ती तर मी लई गऊ. घरमा कोणी नव्हतं, फाटक उघडं व्हतं. आपलंच घर शे, विचारानं काय?"

अशा रीतीने चोर मिळाला आणि तो लग्नातला मामा निघाला. पण कारण संपलं म्हणून व्यवस्था बंद करावी, असा पायंडा आजवर कुठल्याही खात्यात पडलेला नाही. कॅमेरे राहिले.

सोमवारी चेतनाने तिसऱ्या कॅमेऱ्यावर गोधडी टाकली. सात मिनिटांत घरच्यांच्या ग्रुपवर दिराचा संदेश आला : "आज दुपारी २.०७ वाजता मधल्या खोलीचे दृश्य पूर्वसूचनेशिवाय बंद झाल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधित सुनेने खुलासा सादर करावा." खाली एकोणीस अंगठे.

मळ्यातून आलेल्या छबूबाईंनी गोधडी काढून घडी घातली. "आपला घरमा लपाडानं काय शे, माय?"

चेतना पाळण्याची दोरी ओढत राहिली. बोरं, असं म्हणणं फारच हलकं झालं असतं.

पण दुसऱ्या दिवशी, कारखान्याच्या सुट्टीच्या दुपारी, धर्मेंद्रच्या मोबाइलवर तिची नजर गेली. प्रत्येक कॅमेऱ्याखाली पाहणाऱ्यांचा आकडा होता. मधली खोली, एकोणीस. अंगण, दोन. फाटक, शून्य.

"फाटक कोणीच दखत नही?"

"तठे दखासारखं काय शे?" धर्मेंद्र म्हणाला.

बुधवारी दोन वाजता चेतनाने भूमीला पाळण्यात निजवलं, स्टूल उचललं, बोरांची वाटी घेतली आणि ती फाटकाशी जाऊन बसली. अंबाडा सोडला. पाय लांब केले. आत पाळण्यावर एकोणीस जणांचा पहारा होता. भूमीने जरा चुळबुळ केली तर उखामामा भिंतीतून खर्जात अंगाई म्हणत, त्यानेही भागलं नाही तर काजलचा फोन येई, "उठनी वं, ये!" घरात एकही चोर शिरला नव्हता, पण पोर सांभाळायला एवढी माणसं चेतनाला प्रथमच मिळाली होती. बोरं त्या दिवशी फार गोड लागली.

तेव्हापासून ती रोज तिथे बसते. हे अजून कोणालाही ठाऊक नाही.

म्हणजे तुम्ही सोडून. तुम्हाला पासवर्ड कोणी दिला नव्हता, नारळ घेऊन कोणी आलं नव्हतं. तरी तुम्ही तिचा सुटलेला अंबाडा पाहिलात, तिची बोरं पाहिलीत, आणि आता फाटकाशी येऊन उभे आहात. कडी निसटलेली आहे हे तुम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं. आलात ते आलात. जाताना तेवढं फाटक ओढून घ्या. हळू. भूमी झोपली आहे.