सरकीपुऱ्याची हद्द

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपार झाली, की वच्छलाकाकू गावंडे हात मागे बांधून गल्लीतून फिरायला निघतात. त्यांच्या घरात स्वयंपाकाची झुंबड उडालेली असते, सोळा भाज्या चिरून पडलेल्या असतात, आंबील रटरटत असते, आणि घरची मालकीण मात्र लोकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांखाली कान देऊन उभी. नवख्या माणसाला वाटावं, म्हातारीचं काही हरवलं आहे. तसं काही नसतं. कोणाच्या घरी कुकरची शिट्टी वाजते का, एवढंच त्या ऐकत असतात.

आमच्या वऱ्हाडात जेवणाचं आवतन दोन प्रकारचं. साधं आवतन म्हणजे घरटी एका माणसानं जाऊन जेवून यायचं. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या तान्ह्या पोरापासून आलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांनी जेवायचं आणि त्या दिवशी स्वतःच्या घरी चूल पेटवायची नाही. वच्छलाकाकू अख्ख्या मोहल्ल्याला चूलबंद देतात. तेव्हा त्या दिवशी ज्याच्या घरी शिट्टी वाजली, त्यानं काकूंचं आवतन धुडकावलं, आणि ज्यानं आवतन धुडकावलं तो मोहल्ल्याचा राहिला नाही. एवढा सरळ कायदा आहे.

आमच्या घरी शिट्टी वाजली होती. मी मूळचा मोर्शीचा, मला हे सगळं ठाऊक. पण बायको नाशिकची. आम्ही अमरावतीत या भागात फ्लॅट घेतला त्याच वर्षी काकू आवतन देऊन गेल्या, मी ऑफिसात, आणि पोरीला भूक लागली म्हणून मेधानं दुपारी मूठभर वरण-भात लावला. संध्याकाळी आम्ही नवे कपडे घालून पंगतीला गेलो, तर काकू दारातच उभ्या.

"काऊन आले?"

"जेवायला, काकू."

"जेवले नाई का? मले तं शिट्टी आयकू आली."

वाढलं आम्हाला पोटभर. पुरणपोळीवर तूप ओतताना हात आखडला नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं आवतन आलं नाही, आणि माझं नाव 'मोर्शीवाला' पडलं ते पडलंच. चक्कीवर गव्हाचा डबा घेऊन गेलो, की काकू रांगेतल्या मागच्या बाईला सांगायच्या, "याचं पयले दळून देतो वो. बाहेरगावचा मानूस हाय."

चक्की काकूंचीच. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, उन्हाळ्यात शेवयांची मशीन. वय सत्तरीच्या पलीकडे, भुवयांवर कायम पिठाचा थर, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मूलबाळ नाही. नवरा बाजूच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो लग्नानंतर वर्षभरातच गेला. पुढे जिनिंगही बंद पडली. तिथं पूर्वी कापसातून निघालेल्या सरकीचे ढीग पडायचे, म्हणून या भागाचं नाव सरकीपुरा. जिनिंगच्या जागेवर आमच्या इमारती झाल्या आणि बिल्डरनं पाटी लावली, 'समृद्धी नगर'. तेव्हापासून काकूंचं आणि जगाचं भांडण सुरू आहे.

चक्कीवर येणाऱ्या डब्यांवर लोक नाव-पत्ता लिहून आणतात. कोणी 'समृद्धी नगर' लिहिलं असलं, की काकू आधी ओल्या फडक्यानं तेवढंच पुसतात, खडूनं 'सरकीपुरा' लिहितात आणि मग दळायला घेतात. कोणी हरकत घेतली, की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो. "कोनं ठरवलं?"

हा प्रश्न त्या कोणालाही विचारतात. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं, "कोनं ठरवलं?" ऑटोवाल्यानं भाडं सांगितलं, "कोनं ठरवलं?" एकदा टीव्हीवरच्या बाईनं विदर्भात उष्णतेची लाट ओसरल्याचं सांगितलं, तर काकूंनी पदरानं घाम पुसत टीव्हीलाच विचारलं. या प्रश्नाला जगात कोणाकडे धड उत्तर नसतं, हे मला त्यांच्या सहवासात कळलं. बहुतेक गोष्टी कोणीतरी कधीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं आणि आपण मुकाट्यानं डब्यावर लिहीत असतो.

मागच्या वर्षी आमच्या रहिवासी समितीनं कमान उभारायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष राजूरकरसाहेब, निवृत्त इंजिनीअर. माणूस सज्जन, पण हातात कायम गुंडाळी केलेला नकाशा. मारुतीच्या देवळात मीटिंग भरली. राजूरकरांनी नकाशा पसरला आणि समजावून सांगितलं, की कमान नाल्याच्या अलीकडे येईल, तिच्यावर 'समृद्धी नगर' अशी अक्षरं असतील आणि नाला हीच आपली हद्द राहील. मी समितीचा सदस्य, म्हणून मागच्या रांगेत बसून मान डोलावत होतो. तेवढ्यात वच्छलाकाकू सभामंडपाच्या पायरीवर येऊन बसल्या.

"नाल्यापल्याड चार घरं हायेत," त्या म्हणाल्या. "थे कुठी गेले?"

"काकू, ती पिंजाऱ्यांची घरं तांत्रिकदृष्ट्या आपल्या वसाहतीत येत नाहीत."

"कोनं ठरवलं?"

"नकाशाच तसा आहे."

"नकाशा जेवाले घालते काय लोकाईले? माह्या घरचं आवतन जिथवर जाते, तिथवर सरकीपुरा. त्या चारी घराईले माह्यं चूलबंद हाय. आजचं नाई, पयल्यापासून."

राजूरकरांनी संयम सोडला नाही. नावाबद्दल त्यांनी हळूच सांगितलं, की मुलामुलींची स्थळं येतात, लोक पत्ता विचारतात, सरकीपुरा म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. सरकी म्हणजे शेवटी गुराढोरांचं खाणं.

"मंग?" काकू म्हणाल्या. "तुमच्या घरी दूध येते थे कोनत्या म्हशीचं हाय? थे समृद्धी खाते काय?"

सभामंडप हसला. राजूरकरही हसले. जाता जाता त्यांनी तडजोड सुचवली, की कमानीवर 'समृद्धी नगर' आणि कंसात 'सरकीपुरा' लिहू. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "कंसात तुमीच राहा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. ठराव मात्र पास झाला. त्यात माझाही हात वर होता, कारण सगळ्यांचा होता.

वैशाखात ठेकेदाराची माणसं आली आणि नाल्याच्या अलीकडे कमानीच्या खांबांसाठी दोन खड्डे खणून गेली. दुसऱ्या दिवशी सिमेंट घेऊन येतात तो दोन्ही खड्ड्यांवर बाजा टाकलेल्या. बाजांवर स्वच्छ लुगडी आणि लुगड्यांवर ताज्या शेवया वाळत घातलेल्या. मधल्या मोकळ्या रस्त्यावरही बाजा. एका बाजेच्या सावलीत काकू सुपानं वारा घेत बसलेल्या.

ठेकेदारानं बाजा उचलायला माणसं पुढे पाठवली. काकू हलल्यादेखील नाहीत. "उचला," म्हणाल्या. "पन आधी इचारून घ्या, कोनाच्या कोनत्या हायेत."

शेवया काकूंच्या नव्हत्याच. मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या घरांच्या होत्या. वैशाखात शेवया करायच्या आणि वर्षभर पुरवायच्या, हा आमच्याकडे घरोघरचा रिवाज, आणि मशीन एकट्या काकूंकडे. 'मीच वाळवून देतो, तुमी कायले उन्हात बसता,' असं सांगून त्यांनी सगळ्यांचं पीठ ठेवून घेतलं होतं. अगदी पुढच्या बाजेवर, खड्ड्याच्या बरोबर मधोमध, राजूरकरवहिनींच्या वर्षभराच्या शेवया होत्या. त्यांच्या शेजारी आमच्या. ठेकेदाराच्या माणसानं बाजेच्या पायाला हात लावला मात्र, राजूरकरवहिनी गॅलरीतून असं काही बोलल्या, की तो माणूस मागच्या मागे ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

शेवया काही एका दिवसात वाळत नाहीत. आणि काकूंच्या मशीनवर त्या उन्हाळ्यात शेवयांचा पूरच आला. एक बाज उठली, की तिच्या जागी दुसरी. कुरडया आल्या, पापड आले. भर उन्हात काकू रोज तिथं बसलेल्या, डोक्यावर ओलं फडकं. मी एकदा सांगून पाहिलं, की काकू, एवढं ऊन, चार घरांसाठी कशाला जीव घालवता. त्या म्हणाल्या, "तुले उन लागून रायलं तं घरी जा, मोर्शीवाल्या." पावसाळा तोंडावर आला तेव्हा राजूरकरांनी हात टेकले. खड्डे बुजवले. कमानीचं दिवाळीनंतर पाहू, असं ठरलं.

दिवाळीनंतर पाहू म्हणजे दिवाळीनंतर होणारच, हे काकूंना माहीत होतं. ठराव होता, पैसे जमा होते. शेवया वाळवायला कार्तिकात कडक ऊन नसतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काकू आमच्या दारात. हातात कुंकवाची कोयरी. मेधाला कुंकू लावून म्हणाल्या, "उद्या चूलबंद बरं. कुकरले हात लावशीन तं पाह्य." मेधाचे डोळे भरून आले. एका कुकरपायी एवढी वर्षं वाळीत राहिलेल्या बाईलाच ते कळेल. मग काकू माझ्याकडे वळल्या. "चाल रे माह्यासंगं. गुडघे साथ देऊन नाई रायले. नाल्याचा उतार उतरवून दे."

आम्ही नाल्यावरचा लहानसा पूल ओलांडून पलीकडे गेलो. एवढ्या वर्षांत मी त्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो. तिथं एका ओळीत चार जुनी घरं होती, आणि चारही घरांना कुलपं होती. कुलपं कालपरवाची नव्हती. एका दारात एरंडाचं झाड माणसाएवढं वाढलं होतं.

काकू पहिल्या घरापाशी थांबल्या. ओट्यावरचा पाचोळा त्यांनी पदरानं झटकला, चौकटीला कुंकवाचं बोट टेकवलं आणि बंद दाराला म्हणाल्या, "कुलसुम, उद्या चूलबंद बरं का. पोराईले घेऊन येजो."

"काकू," मी म्हणालो, "इथं तर कोणीच राहत नाही."

"माहीत हाय मले."

"मग उन्हाळाभर आपण कोणासाठी भांडलो?"

"तू कधी भांडला?" त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मग त्या ओट्यावर बसल्या. गाद्या भरायचं काम सुटलं तशी ही चारही घरं उठून गेली, कोणी परतवाड्याला, कोणी मूर्तिजापूरला, हे सांगितलं. कुलसुमबी लेकाकडं अकोल्याला आहे, हे सांगितलं. बोलता बोलता त्या ओट्याच्या फरशीवर हात फिरवत होत्या.

"नवरा मेला तवा माह्या दिरानं माही पेटी रस्त्यावर आनून ठेवली. म्हने, आता तुह्यं इथं कोन हाय, बापाच्या घरी जाय. अख्खा सरकीपुरा पाहून रायला होता. कोनी तोंड उघडलं नाई. ही कुलसुम माह्याच वयाची, नवीन नवरी. आली नाल्यावरून, माही पेटी उचलली, अन् ह्या ओट्यावर आनून ठेवली. दिराले म्हने, ये हमारे मोहल्ले की है, इसको किधर ले जाते? दोन महिने मी इथंच रायली. मंग सासऱ्यानं खोली देली." त्यांनी ओट्यावर थाप दिली. "मले सरकीपुऱ्यात हिनं ठेवलं गा. अन् आता थो नकाशावाला सांगते का ही सरकीपुऱ्यातली नाई."

एवढं बोलून त्यांनी कनवटीचा बटवा सोडला, त्यातून जुना बटनांचा फोन काढला आणि माझ्याकडे दिला. "लाव. अकोल्याचा नंबर दोनवर हाय."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून लगेच आवाज आला, जणू फोन हातातच होता. "बोल वच्छे."

"उद्या चूलबंद बरं, कुलसुम."

"हौ. बहू को बोल के रखी मैं, कल गॅस नहीं जलेगा. पोट्टे चिडते, पन जलाने नहीं देती."

"चारच्या एस.टी.नं डबा येते. पुरन जादा टाकतो."

"टाक. अन् वच्छे, सुना मैं, उधर कमान लगा रहे. हमारे घर बाहर गए बोलते."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "कोन सांगते?" त्या फोनमध्ये ओरडल्या. "काई कमान-गिमान नाई इथं. मी आत्ता तुह्याच ओट्यावर बसली हावो. तुह्यं घर सरकीपुऱ्यातच हाय, अन् मी हावो तवरक रायते."

फोन बंद झाल्यावर त्यांनी तो माझ्याकडून घेऊन बटव्यात ठेवला. डोळे पुसले, ते पिठानं चुरचुरतात म्हणून नव्हे. या एवढ्या मोठ्या मोहल्ल्याला जेवू घालणाऱ्या बाईला उभ्या जगात 'वच्छे' म्हणणारं एकच माणूस उरलंय आणि तेही अकोल्याला आहे, हे मला त्या ओट्यावर समजलं. मला फार वाईट वाटलं, आणि वर केलेल्या हाताची लाजही वाटली.

"दिवाळीनंतरच्या मीटिंगला मी बोलतो, काकू," मी म्हणालो. "कमान झालीच तर नाल्याच्या पलीकडे होईल. या घरांच्याही पलीकडे."

"बोल नाई तं नको बोलू," काकू म्हणाल्या. कोयरी उचलून त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उभ्या राहिल्या. "चाल. अजून तीन घरं रायली हायेत."