कॉलरखालचा बिल्ला

"पोरीच्या लग्नात भाड्याचा कोट? अरे, त्यापेक्षा मी गोणपाट गुंडाळून उभा राहीन!"

इस्त्रीसाहेबांनी चहाचा कप बशीत असा आपटला, की समोर बसलेल्या होणाऱ्या जावयाने आपला कप घाईघाईने उचलून छातीशी धरला. बिचाऱ्याने एवढंच सुचवलं होतं, की चौकातल्या दुकानात लग्नाचे सूट भाड्याने छान मिळतात. त्याने स्वतःसाठी एक पाहूनही ठेवला होता. एका दिवसापुरता तर घालायचा, मग उगाच खर्च कशाला, असं त्याचं साधं गणित.

"म्हणजे आदल्या आठवड्यात कुणीतरी त्यात घाम गाळणार, कुणीतरी त्याला नाक पुसणार, आणि तोच कोट घालून तुम्ही माझ्या मुलीशेजारी उभे राहणार! वा! भाड्याचा नवरदेव!"

"बाबा!" मुलगी ओरडली.

"काका, धुऊन देतात हो ते," जावई पुटपुटला.

"धुतल्याने भाड्याचा घरचा होत नाही."

झालं. जावयाचा चेहरा उतरला, मुलगी पाय आपटत आत गेली. इस्त्रीसाहेबांनी मात्र स्वतःच्या सदऱ्याची बाही झटकली आणि आपण काहीतरी फार मोलाचं बोललो, अशा थाटात पाय पसरले.

या गृहस्थांना इस्त्रीसाहेब हे नाव कारखान्यात पडलं होतं. सदऱ्याला चुणी म्हणून सापडायची नाही, आणि स्वभावालाही. कारखान्याच्या गोदामात आलेला माल तपासायचा आणि नापास करायचा, ही त्यांची नोकरी. पास करायचाही अधिकार होता, पण तो त्यांनी फारसा वापरला नाही. घरीही तोच खाक्या. बायकोचा चहा नापास, शेजाऱ्याची गाडी नापास, मुलीने पसंत केलेला मुलगा तर पहिल्या भेटीतच नापास. लग्न ठरलं ते मुलीने एक महिना बापाशी अबोला धरला म्हणून.

त्या संध्याकाळी मुलगी आतून बाहेर आली ती डोळे पुसतच. "तो आता स्वतःचा सूट शिवून घेणार आहे. तुमच्या हट्टापायी. हातातले सगळे पैसे त्यात घालतोय," ती म्हणाली. "पण एक सांगते बाबा. उद्या तुम्हा मोठ्यांपैकी कुणी भाड्याचा कोट घालून उभा राहिलेला दिसला ना, तर मी आयुष्यात तुमचं कुठलंच बोलणं मनावर घेणार नाही."

"अगं, भाड्याचा घालायला मी काय तुझा नवरा आहे?" इस्त्रीसाहेब म्हणाले.

व्याह्यांनीही ही बातमी ऐकली आणि फोनवरून कळवलं, की आमचा सूट तर केव्हाच शिवायला टाकलाय, कापडसुद्धा परदेशातून मागवलंय. हे व्याही म्हणजे उंचच उंच, काटकुळे आणि बोलायला लागले की स्वतःखेरीज दुसरा विषय नाही. त्यांच्यापुढे फिकं पडायचं? छे! इस्त्रीसाहेब दुसऱ्याच दिवशी टेलरकडे गेले, दुकानातलं सगळ्यात भारी कापड काढायला लावलं आणि आरशापुढे उभे राहिले.

इथेच माशी शिंकली. टेलरने पोटावर टेप लावला आणि इस्त्रीसाहेबांनी श्वास आत ओढला.

"साहेब, श्वास सोडा."

"सोडलाय."

"पोट जरा सैल..."

"ते असंच असतं माझं. तुम्ही माप लिहा."

टेलरने आकडा लिहून घेतला. तो तरी काय करणार? आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं माप खोटं दिलं, आणि वर घरी येऊन बायकोला सांगितलं, "टेलर म्हणाला, या वयात असा बांधा पाहिला नाही."

"त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय का?" बायको म्हणाली.

लग्न दोन दिवसांवर आलं असताना सूट घरी आला. इस्त्रीसाहेबांनी दार लावून तो चढवला. म्हणजे चढवायचा प्रयत्न केला. श्वास कोंडून धरला तर पँटचं बटण लागत होतं, पण मग श्वास घेता येत नव्हता, आणि पाहुण्यांशी बोलायचं तर श्वास घेणं भाग होतं. शेवटी एकदा घेतलाच, तर बटण सुटून कपाटाच्या काचेवर टणकन आपटलं. टेलरकडे जावं, तर तो म्हणाला, "साहेब, आत वाढवायला कापडच ठेवलेलं नाही. तुम्हीच म्हणालात, अंगाबरोबर हवा." सूट ट्रंकेच्या तळाशी गेला, आणि इस्त्रीसाहेब काळा चष्मा लावून चौकातल्या त्या दुकानात शिरले.

"भाड्याने हवाय?" दुकानदाराने विचारलं.

"हळू बोला हो!"

दुकानदार समजून हसला. असल्या गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. "काळजी करू नका. ज्यांना गाजावाजा नको असतो, त्यांच्यासाठी आपली खास सोय आहे. साधी काळी पिशवी. दुकानाचं नाव नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही. घरी नेली तर पोरांना वाटेल, बाबांनी चपला आणल्या."

"छान आहे सोय."

"आत्ताच तुमच्यासारखे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी म्हणे सगळीकडे सांगून टाकलंय, परदेशी कापडाचा सूट शिवला म्हणून!"

"काय एकेक ढोंगी माणसं असतात!" इस्त्रीसाहेब मनापासून म्हणाले.

दुकानदाराने त्यांना गडद निळा सूट दिला. तो पोट सैल सोडूनही बसला, नव्हे, शोभला. फक्त पँट खालून थोडी दुमडून टाचायची होती. "आणि हे बघा," दुकानदाराने कॉलर उलटवून दाखवली. कॉलरच्या मुळाशी नखाएवढा पिवळा कापडी बिल्ला टाचलेला होता. "हा दुकानाचा बिल्ला. याला हात लावायचा नाही. बिल्ला निघाला की सूट विकला गेला, हा आपला नियम. मग तो परत घेत नाही, पूर्ण किंमत भरायची. काय करणार, लोक बिल्ला काढून जुना सूट बदलून आणतात."

"मी काय करायचंय तुमच्या बिल्ल्याशी?" इस्त्रीसाहेब म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, पँट टाचून झाल्यावर, त्यांनी दुकानातून काळी पिशवी उचलली, काखेत दडवून घरी आणली आणि कपाटावर फेकली. उघडून पाहिली नाही. खिळ्यांची पेटीसुद्धा उघडून मोजल्याशिवाय पास न करणारा हा माणूस, पण त्या दिवशी बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर वधूपक्षाला एक खोली होती आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला वरपक्षाला एक. पाहुणे खुर्च्यांवर बसू लागले तसे इस्त्रीसाहेब घरच्या पायजम्यात, पिशवी घेऊन खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. सूट निळाच होता. पँट मात्र कमरेपर्यंत येईना. मांड्यांवरच अडली, आणि खाली तिचे पाय जमिनीवर लोळत राहिले. कोट अंगात घातला तर बाह्यांतून बोटं दिसेनात आणि पुढची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार होईनात. इस्त्रीसाहेब मटकन खुर्चीवर बसले.

दारावर थाप पडली. "अहो, झालं का? लोक विचारतायत मुलीचे वडील कुठे आहेत."

"येतोय! जरा... सूटची घडी बसवतोय."

"घडी बसत नसेल तर माणूस पाठवून ट्रंकेतला आणवू का? तो निदान कमरेपर्यंत तरी चढतो."

इस्त्रीसाहेबांना घाम फुटला. "तुला... तुला ट्रंकेतलं कधी कळलं?"

"कपाटाखाली झाडताना बटण सापडलं तेव्हा." बायकोच्या आवाजात दयामाया नव्हती. "मला काय, मी कुणाला सांगत नाही. पण लेकीला कळलं तर बघा हं. तिनं काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? आणि तिकडे व्याहीबुवाही आतून कडी लावून बसलेत. तुम्हा दोघांना एकदम झालंय तरी काय?"

ती गेली. इस्त्रीसाहेब जमिनीवर लोळणाऱ्या त्या पँटकडे बघत राहिले. आता तपासनीस जागा झाला. इतके लांब पाय आणि इतकी काटकुळी कंबर. निळा सूट. परदेशी कापड. काळी पिशवी, बिननावाची. "अरे लबाडा!" ते ओरडले. सापडला! व्याही सापडला! आनंदाने ते उभे राहिले, आणि पँट पायात अडकून पुन्हा बसले. कारण व्याह्याला उघडं पाडायचं, तर आधी स्वतःच्या अंगावरचं काय ते सांगावं लागणार होतं.

पायजमा चढवून, पिशवी काखेत मारून ते भिंतीच्या कडेकडेने कॉरिडॉर ओलांडून गेले आणि दुसऱ्या टोकाचं दार हळूच वाजवलं.

"कोण?" आतून रडवेला आवाज आला.

"मी. व्याही."

"मी जरा कामात आहे."

"तुमची पिशवी माझ्याकडे आलीय."

"कसली पिशवी?"

"काळी."

दार चार बोटं उघडलं. फटीत व्याही उभे होते. कोटाच्या बाह्या कोपराशी संपत होत्या, पँट नडगीपर्यंत, आणि कमरेशी जमलेला कापडाचा गठ्ठा त्यांनी मुठीत धरला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसायची दोघांनाही फार इच्छा झाली, पण हिंमत एकालाही झाली नाही.

"शिंप्याची काहीतरी गल्लत झाली," इस्त्रीसाहेब घसा खाकरून म्हणाले.

"हो ना. माझ्याही शिंप्याची तशीच झाली."

"तुमचा शिंपी कोण?"

"तुमचा कोण?"

"तोच असावा."

"तोच असणार," व्याही म्हणाले. "शिवतो मात्र झकास."

"हात चांगला आहे त्याचा."

फटीतून एक पिशवी आत गेली. थोड्या वेळाने दुसऱ्या सूटचा गोळा बाहेर आला. जगात इतक्या गंभीरपणे दोन खोटारड्यांनी एकमेकांना सांभाळून घेतल्याचं उदाहरण विरळाच असेल.

दहा मिनिटांत दोघे व्याही जिन्यावरून खांद्याला खांदा लावून उतरले, तेव्हा पाहुण्यांत कुजबुज झाली. सूट दोघांनाही अगदी अंगाबरोबर बसले होते. फोटोवाला धावत आला. इस्त्रीसाहेबांची भीती तेवढ्यात कुठल्या कुठे पळाली आणि छाती पुन्हा पुढे आली. व्यासपीठावर मुलीशेजारी जावई उभा होता, साध्या करड्या सुटात. स्वतःचा, शिवलेला. डावा खांदा किंचित उतरला होता, बाकी पोरगा देखणा दिसत होता. पण गप्प बसतील तर ते इस्त्रीसाहेब कसले?

"खांदा नापास," त्यांनी चार पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेरा मारला. "पण असो! शिवलेला तरी आहे. शिवलेलं ते शिवलेलंच, काय व्याहीबुवा?"

"अगदी!" व्याही म्हणाले, आणि पटकन दुसरीकडे बघू लागले.

लग्न लागलं. टाळ्या झाल्या. इस्त्रीसाहेब पाहुण्यांकडे पाठ करून मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले, आणि घाईत घातलेल्या कोटाची कॉलर मागे उलटी झाली. पहिल्या रांगेत खुर्च्या सरकल्या. मानेवर काहीतरी हललं म्हणून इस्त्रीसाहेबांनी हात मागे नेला, तर बोटांना तो नखाएवढा पिवळा बिल्ला लागला. मागे दीडशे लोक, समोर लेक. त्यांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं होईल. लेकीची नजर त्यांच्या हातावरून कॉलरकडे गेली आणि तिथेच थांबली.

तेवढ्यात जावई पुढे आला. त्याने सासऱ्याला चारचौघांसमोर घट्ट मिठी मारली. पाहुणे गहिवरले, फोटोवाल्याने फोटो काढला. मिठीतल्या मिठीत टाचण्याचा दोरा कट्‌कन तुटल्याचं फक्त इस्त्रीसाहेबांना ऐकू आलं. कॉलर सरळ झाली. पाहुण्यांपैकी कुणाला काही दिसलं नव्हतं.

इस्त्रीसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले. ज्या पोराला आपण नापास केलं, त्याने आज आपली अब्रू झाकली! "जावईबापू," ते कानात कुजबुजले, "तुमचे उपकार..."

"उपकार कसले, बाबा?" जावई तितक्याच हळू आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच तो त्यांना काका सोडून बाबा म्हणाला होता. "मीही आधी तिथेच सूट पाहिला होता ना. दुकानाचा नियम ठाऊक आहे मला. बिल्ला निघाला की सूट आपला. आता कुणी तुम्हाला भाड्याचा म्हणू शकत नाही."

इस्त्रीसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. ती गालातल्या गालात हसत होती. तिने नवऱ्यापुढे तळहात धरला, त्याने पिवळा बिल्ला त्यावर ठेवला, आणि तिथे आधीच असलेल्या दुसऱ्या पिवळ्या बिल्ल्याशेजारी तो नीट बसला.

"सासऱ्यांचा मघाशीच काढला, कॉलर नीट करायच्या निमित्ताने," ती म्हणाली. "त्यांना अजून कळलेलं नाही. मघाचं तुमचं दारातलं बोलणं ऐकलंय मी. तुम्हीच सांगा त्यांना, बाबा. शिंपी एकच आहे ना तुमचा?"