सोन्याचा पहिला कण

वाहत्या पाण्याला रागावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे. फेब्रुवारीत, पाऊस आडवा येत असताना, रिबेकामावशी गुडघाभर ओढ्यात उभ्या राहून त्याला दम देतात, "अरे, जरा सावकाश वाहा, मला काही दिसत नाहीये." ओढा स्कॉटिश आहे. तो ऐकत नाही.

मावशी शहात्तर वर्षांच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. पंजाबी ड्रेसवर पिवळा रेनकोट, पायात नवऱ्याचे वेलिंग्टन बूट, ते सैल पडतात म्हणून आत तीन जोड्या मोजे. हातात पितळेची परात. माझगावात चाळीस माणसांचं जेवण या परातीत कालवलं जायचं, म्हणे. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून मुंबईत आलेल्या मराठी ज्यूंपैकी. मराठी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि हे त्या मला वरचेवर सांगतात.

आमचं गाव डोंगरात आहे. पूर्वी इथे शिशाच्या खाणी होत्या. आता एक म्युझियम, एक टीरूम आणि खाणकामगारांची बुटकी घरं उरली आहेत. ओढ्याच्या रेतीत मात्र अजून सोन्याचे बारीक कण सापडतात, आणि परवाना काढला की कोणीही शोधू शकतं. गावात मराठी घरं दोनच. एक आमचं, कारण माझा नवरा जवळच्या हॉस्पिटलात आहे आणि मी तिथल्याच एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर बसते. दुसरं मावशींचं, कारण त्यांच्या नवऱ्याचं डोकं फिरलं.

हे शब्द मावशींचे. मोझेसकाका रिटायर झाल्यावर लंडनच्या ईलिंगहून कोच ट्रिपने इथे आले, अर्धा तास ओढ्यात वाकले आणि घरी जाऊन फ्लॅट विकायला काढला. तीन वर्षं त्यांनी रेती चाळली. काही मिळालं नाही. मावशी रोज काठावर उभ्या राहून त्यांना वेड्यात काढत. मग काका गेले.

मुलगा डेव्हिड खाली इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आयटीत आहे. तो गाडी घेऊनच आला होता आईला न्यायला. मावशींनी त्याला सांगितलं की तुझ्या बाबांना जमलं नाही ते मी करून दाखवते. सोन्याचा एक कण सापडू दे, त्याच दिवशी बॅग भरते. डेव्हिडला वाटलं, बाबांना जवळचं धड दिसत नव्हतं, आईचा महिनाभराचा प्रश्न आहे. टुरिस्टांच्या पोरांनासुद्धा दुपारभरात एखादा कण मिळतो. त्याने कबूल केलं, आणि आई खरंच प्रयत्न करते का हे बघायचं काम माझ्यावर टाकलं.

बघता बघता दोन वर्षं झाली.

दरम्यान डेव्हिडने गॅरेजवर आईसाठी खोली बांधली. तिचे फोटो तो मला पाठवतो. हीटर बसवला, पडदे लावले, बाथरूममध्ये धरायला दांडी लावली. मावशींनीही तयारी ठेवली होती. सोनं सापडलं की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, असा त्यांनी नवस बोलला होता. मलिद्याला भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं लागतं. पैकी पोह्यांचं पाकीट कपाटात कायम हजर. तारीख उलटायला आली की मावशी त्या पोह्यांचा चिवडा करून आमच्याकडे आणत आणि नवीन पाकीट मागवत. त्या नवसाचा चिवडा खाऊन माझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं.

मावशी शनिवार सोडून रोज ओढ्यावर. शनिवारी शब्बाथ, तेव्हा ओढ्यालाही सुट्टी. बाकी लोक हिरव्या प्लॅस्टिकच्या थाळ्या वापरतात. त्यांना आतून खाचा असतात, कण अडकावेत म्हणून. मावशींनी ती थाळी एकदा उलटसुलट करून बघितली आणि यात कुत्र्याला जेवायला घाला म्हणून परत केली. कोणी युक्ती सांगायला आलं की म्हणायच्या, "मला शिकवू नका. हाताला कळतं." हे त्यांचं पेटंट वाक्य. मिठाचा अंदाज, पावसाचा अंदाज, माझ्या नवऱ्याचा स्वभाव, सगळं त्यांच्या हाताला कळतं.

ओढ्यावरून त्या रोज बादलीभर रेती घरी आणत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन ती निरखत. काही नसे. रेती मग मागच्या अंगणात जाई. ढीग कुंपणाएवढा झाला होता. अशी स्वच्छ, मऊ रेती मी कुठल्या समुद्रावरही पाहिली नाही. बर्फ पडला की सगळी गल्ली ती पायऱ्यांवर टाकायला नेई.

मागच्या उन्हाळ्यात गावात सोनं धुण्याची स्पर्धा होती. रविवार होता, त्यामुळे मावशींनी नाव दिलं. प्रत्येकाला एक बादली रेती, तिच्यात मोजून टाकलेले आठ कण. जो कमी वेळात जास्त कण काढेल तो जिंकला. आपण धुतो ते पाणी आणि टाकाऊ रेती पडायला प्रत्येकाच्या खाली एक टब. मावशी परात घेऊन उतरल्या. त्यांचा हात असा काही फिरत होता की शेजारचे दोघे स्वतःचं काम सोडून बघत बसले. त्या सगळ्यांच्या आधी संपवून उभ्या राहिल्या. टाळ्या पडल्या.

परीक्षक जिम हा रिटायर्ड प्लंबर, सभ्य माणूस. त्याने कण मागितले. मावशींनी त्याच्या हातात बादलीभर धुतलेली रेती दिली. जिमने ती बघितली, मावशींकडे बघितलं, मग वाकून टबात हात घातला. आठच्या आठ कण टबात होते.

मावशींनी त्याला चीटर ठरवलं. मला मात्र लख्ख कळलं, कारण माझी आईही सांगलीला तांदूळ असेच रोळायची. पाण्यात परात फिरवायची, वरचे तांदूळ अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे आणि तळाला बसलेले खडे फेकून द्यायचे. सोनं जड. ते खड्यांबरोबर तळाला बसतं. इथे वरचं फेकायचं असतं आणि तळाचं ठेवायचं असतं. मावशींचा हात साठ वर्षं तांदूळ रोळत आला होता, आणि त्याला जे कळत होतं ते अगदी बरोबर होतं. फक्त हा भात नव्हता.

घरी जाताना गाडीत मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी मांडीवरची परात उलटी करून तिचा तळ बघितला.

"म्हणजे दोन वर्षं मी सोनं फेकत होते?"

"हो."

"रोज?"

"शनिवार सोडून."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, चिडल्या असतील. मी धीर दिला की आता चूक सापडली आहे, आठवड्याभरात काम होईल, डेव्हिडला कळवून टाकते. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "आधी सापडू तर दे."

बुधवारी मला दुपारची ड्यूटी असते. सकाळी मी त्यांच्याबरोबर ओढ्यावर गेले. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. त्यांनी परात फिरवली आणि मी शेजारी उभी राहून वरचं ओतून टाकायला लावलं. हात ऐकत नव्हता, दोनदा मनगट धरावं लागलं. शेवटी तळाशी चिमूटभर काळी रेती उरली. मावशींनी परात तिरकी केली. काळ्यात एक पिवळा ठिपका. खसखशीच्या दाण्याएवढा.

दोघी वाकून बघत राहिलो. मी अभिनंदन करणार तेवढ्यात पुलावरून आवाज आला. कुत्रं फिरवणारा म्हातारा कठड्यावर रेलून विचारत होता, "एनी लक, रिबेका?"

मावशींनी चटकन परातीवर तळवा ठेवला. "नॉट टुडे," त्या हसून म्हणाल्या. तो म्हणाला, उद्या नक्की, आणि पुढे गेला. मग पोस्टाची बाई व्हॅन थांबवून तेच विचारून गेली. मग टीरूमची पोरगी.

"मावशी, हे काय चाललंय?"

"दिवसाला सात-आठ जण विचारतात," त्या म्हणाल्या. "मी एक दिवस आले नाही तर घरी येऊन दार वाजवतात. डेव्हिडकडे खोली छान आहे गं. सून चांगली आहे. पण सकाळी साडेसातला सगळे बाहेर, सहाला परत. मला कोण काय विचारणार? चहा घेतला का, एवढंच."

मी पुलाकडे बघितलं, आणखी कोणी येतंय का.

तेवढ्यात त्यांच्या रेनकोटच्या खिशात फोन वाजला. त्यांचे हात ओले, म्हणून मी काढला. डेव्हिड. जिमने इंटरनेटवर टाकलेला स्पर्धेचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. त्याचं मराठी इंग्लंडात वाढलेलं आहे.

"मीना, तू आहे तिथे? गुड. आईची प्रॉब्लेम काय होता ते कळला ना? मग आता सोना सापडला का? तू खरं सांग, आई मला सांगणार नाही."

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. परात दोन्ही हातांनी घट्ट धरून पाण्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

मी जीपीच्या रिसेप्शनवर बसते. खोटं बोलणारी माणसं मी दिवसभर ऐकते, आणि ती पकडली जातात, कारण जास्त बोलतात.

"नाही," मी म्हटलं. "नुसती रेती आहे."

फोन ठेवला. मावशींनी परात पाण्यात बुडवली, एकदा हलवली आणि रिकामी वर काढली. मी घड्याळ बघितलं. ड्यूटीला अजून दीड तास होता. मी फावडं उचललं आणि त्यांना परात पुढे करायला सांगितलं.