लग्नाचे वकील बस्त्यावअण्णा

आमच्या खासबागेत कुठल्या घरात नवरा-बायकोचा आवाज चढला, की थोड्याच वेळात बस्त्यावअण्णा दारात उभे राहतात. गळ्यात कुठल्यातरी परिषदेचा बिल्ला, हात वर आणि तोंडात, "माझी हरकत नोंदवा."

अण्णा माझे शेजारी आणि कॅनन वकील. कॅनन म्हणजे चर्चचा कायदा, हे गल्लीला अजून पटलेलं नाही. अण्णांचं तोफांशी काहीतरी असणार, असं धरून दिवाळीत पोरं त्यांच्याकडं सुतळी बॉम्ब मागायला जातात.

आपलं लग्न मुळात झालंच नाही, असं ठरवून घ्यायला कॅथलिक माणसं चर्चच्या न्यायालयात जातात. तिथं एकजण लग्नाच्या बाजूनं बोलायला नेमलेला असतो. नवऱ्याचा नाही, बायकोचा नाही, खुद्द लग्नाचा वकील. ते आमचे अण्णा. स्वतः मात्र एकटे राहतात. मी जिल्हा कोर्टात घटस्फोट मिळवून देतो, ते लग्नं टिकवायला बघतात. त्यामुळं आमचं बरं जमतं.

कॅनन वकिलांची परिषद कुठंही असो, अण्णा जाणार. परतल्यावर बिल्ला महिनाभर उतरत नाही. एकदा भाजीवालीनं त्यांना हॉटेलचा मॅनेजर समजून घाऊक भाव लावला. तेव्हा त्यांनी हरकत नोंदवली नाही.

गेल्या वर्षी परिषद खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला चर्चच्या एका वास्तूत भरली. जिल्हा कोर्टातल्या घटस्फोटावर थोडं बोलायला अण्णांनी मलाही नेलं. सकाळभर 'विवाहातील संमती' या विषयावर निबंधवाचन झालं. जेवायची वेळ उलटली, तरी घंटा होईना.

चौकशी केली तर स्वयंपाकी रायाप्पा आणि त्याची बायको शेवंता यांचं भांडण झालेलं. शेवंता पातेल्यांवर झाकणं ठेवून दारात बसली होती. "मी वाढणार न्हाय आणि ह्यालाबी वाढू देणार न्हाय."

एवढे विवाहाचे जाणकार एका छपराखाली, पण पुढं कोण होणार? अध्यक्ष असलेल्या थोरल्या फादरांनी समिती नेमायचं सुचवलं. दुसरे फादर म्हणाले, "जोडपं हिंदू आहे. आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही." मग सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "मी फक्त सोडवतो, जोडत नाही."

अण्णा उठले. आता बायकोला लग्नाचं महत्त्व सांगणार, असं मला वाटलं. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"काय झालं, आक्का?"

"रस्सा मी केला. फादरांनी चव घिऊन विचारलं, तर ह्यो म्हणतोय, मी केला."

अण्णा रायाप्पाकडं वळले. "रस्सा कुणी केला रं?"

रायाप्पानं मान खाजवली. "तिनंच."

"मग चल, सांग सगळ्यास्नी."

त्याला हाताला धरून त्यांनी सभागृहात नेलं आणि माइकपुढं उभं केलं. "रस्सा माझ्या बायकोनं केलाय," रायाप्पा म्हणाला, "आणि कालचाबी." टाळ्या पडल्या. शेवंतानं झाकणं काढली.

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता मी म्हणालो, "अण्णा, आज तुम्ही जिंकलात."

ते म्हणाले, "माझं लग्न झालं हुतं, वकील. तुमास्नी ठावं न्हाय."

"मग?"

"तिनं अर्ज केला. लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं, बापानं कोंडून घातलं हुतं, असं म्हणाली."

"तुम्ही विरोध केलात?"

"तवा मी शाळेत मास्तर. लई राग आलता. पण साक्षीला बसलो नि सगळं आठवलं. आमच्यात वेदीपुढं फादर विचारतात, 'राजीखुशीनं आलीस का?' तवा तिनं आधी बापाकडं बघितलं हुतं. ते मी बघितलं हुतं. तसंच सांगितलं. माझ्या साक्षीवर लग्न रद्द झालं. त्यानंतर ह्यो कायदा शिकाय गेलो."

"आता कुठं असतात त्या?"

"सदलग्याला. दुसरं लग्न केलं, बरं चाललंय. पोरीचं लग्न हाय पुढच्या महिन्यात. मला बोलावलंय."

"जाणार?"

"लग्नाआधीच, परवा जाऊन आलो. पोरीला बाजूला घेतलं. म्हटलं, बाळ, तुझ्या मनानं करतीयास न्हवं?"

अण्णांनी खिडकीची काच खाली केली.

"हसली. व्हय म्हणाली."