कचरूभाऊंच्या दारातला पिंपळ

"या खेपेला असं झाड आणतो, की ऊनच त्याला भिऊन राहील!" बिबवेवाडीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या दारात उभं राहून कचरूभाऊ ओव्हाळांनी जाहीर केलं.

दार पश्चिमेला. दुपारी तीननंतर पायरी तव्यासारखी तापायची. मोगरा तिथे महिनाभरात वाळला, गुलाब पंधरा दिवसांत.

"अहो, झाडांचेही तळतळाट लागतात," सुंदराबाई म्हणाल्या.

पण भाऊंनी शोध लावला होता. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, सिमेंटच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. माती नाही, निगा नाही, तरी पठ्ठ्या तरारलेला! भाऊंनी ते अलगद सोडवून कुंडीत लावलं. बोधिवृक्षच तो, त्यामुळे सुंदराबाईंनाही काही बोलता येईना.

पिंपळ वाढला, तो पोटभाडेकरूच्या सामानासारखा! मग एका शनिवारी वरच्या मजल्यावरच्या मुक्ताबाई तांब्या घेऊन उतरल्या.

"भाऊ, देवळापर्यंतची पायपीट वाचवलीत! पण कुंडी भिंतीला चिकटलीय. प्रदक्षिणा कशी घालू?"

भाऊ मनाने मोठे. त्यांनी स्वतः कुंडी ओढून दारासमोर मधोमध ठेवली. पुढच्या शनिवारी आठ बायका आल्या. पिंपळाला आठ तांबे पाणी मिळालं आणि भाऊंना बाहेर पडायला दोन फेऱ्यांमधली फट शोधावी लागली.

पावसाळा संपेपर्यंत कुंडी फुटली. मुळं फरशीच्या सांध्यातून खाली उतरली. बाहेर उघडणारं जाळीचं लोखंडी दार खोडाला आपटून वीतभरच उघडू लागलं. भाऊ तिरके होऊन निसटत. सुंदराबाई श्वास रोखून निसटत. सिलिंडर निसटेना.

"काका, याला पोट आत घेता येत नाही," म्हणून गॅसवाला भरलेलं सिलिंडर परत घेऊन गेला.

"आता पिंपळाचा पालाच खा. कच्चा!" सुंदराबाई कडाडल्या.

भाऊंनी माळी बोलावला. बद्रीनाथ कोयता घेऊन आला, झाड पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"भाऊ, दुसरं कायबी सांगा. पिंपळावर कोयता चालवायचा नाय."

"मग आण इकडे!" भाऊंनी कोयता उगारला. पण अशा झाडाखाली कोण बसलं होतं ते आठवलं, आणि कोयता होता तसाच खाली आला.

रविवारी सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी शरच्चंद्र यांनी चष्मा पुसला.

"भाऊ, तुम्ही झाड तोडणार नाही. आम्हीही तोडणार नाही. या सोसायटीत एवढं एकमत पहिल्यांदाच झालंय. तेव्हा ठराव असा, की दार हलवावं."

"दार?"

"ते लोखंडी आहे. पाप लागत नाही."

मागच्या खिडकीचे गज काढले गेले. फलकावर सूचना लागली : 'ओव्हाळ यांच्याकडे येणाऱ्यांनी मागच्या खिडकीतून यावे. झाडाला खेटू नये.'

भाऊंनी सूचना दोनदा वाचली. चूक एकही नव्हती. मग ते मागे गेले, स्टूल लावलं आणि एक पाय स्वतःच्या घरात टाकला.

आतून सुंदराबाई ओरडल्या, "चपला बाहेर काढा!"