जॉबरने पास केलेला डायलर

आमचे भावजी प्रत्येक नव्या यंत्राला कान लावतात. डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, एक पाळी चालवल्याशिवाय पास नाय. माझा नवा मिक्सर त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत रिकामा फिरवला. जळला. वर मलाच म्हणाले, "बघा वैनी, वेळेवर कळलं."

माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ. काळाचौकीला आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. बायको गेल्यापासून एकटेच असतात. गिरणीत ते जॉबर होते. साचे, म्हणजे कापडाचे माग, नीट चालतात की नाही ते बघायचं काम. संपानंतर गिरणी गेली, यांचं जॉबरपण काही गेलं नाही. पुढे जवळच काचेची इमारत उभी राहिली. तिथल्या कॉल सेंटरात ते चहा द्यायला लागले. चाळीत लोक हळहळले. मी नाही. काम ते काम.

तिथे मुली दिवसभर हाताने नंबर लावायच्या. कंपनीने ठरवलं, आपोआप नंबर लावणारी सिस्टीम घ्यायची. तिला डायलर म्हणतात. विकणारे दोघे आले. निवड करायची होती शीतलने, तिथली मॅनेजर, आमच्याच चाळीतली. तिने गमतीत विचारलं, "काका, कुठला घेऊ?"

भावजींनी ट्रे खाली ठेवला. म्हणाले, दोन्ही एकेक पाळी चालवा, मग सांगतो. विकणारे हसले. शीतल हसली नाही. तिने दोन्ही चालवायला लावले.

पहिला जोरात पळाला. एका मुलीमागे चार-चार नंबर लावायचा. जो उचलेल तो तिच्याकडे. भावजी दिवसभर मुलींच्या मागे उभे. शेवटी त्यांनी विचारलं, दोघांनी एकदम उचलला तर? विकणारा म्हणाला, एक मुलीला मिळतो.

"आणि दुसरा?"

"तो काय काका, हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो."

भावजी म्हणाले, "धागा तुटला तर साच्यापाशी माणूस पाहिजे. माणूस नसेल तर साचा बंद ठेवायचा. हा नापास."

दुसरा डायलर मुलगी मोकळी झाली की मगच नंबर लावायचा. हळू होता. शीतलने वरच्या साहेबांशी भांडून तोच घेतला. मी चौथी शिकलेली बाई, पण सगळ्या चाळीला सांगत फिरले: एवढ्या कॉम्प्युटरवाल्यांना दिसलं नाही ते आमच्या जॉबरला दिसलं.

संध्याकाळी मी शिरा घेऊन त्यांच्याकडे गेले. भावजी फोनजवळ बसले होते. मला म्हणाले, आपल्याकडे मुके फोन येतात ना, उचलले तरी पलीकडे कोणी बोलत नाही, ते हेच. मला वाटायचं विजू आहे.

विजू त्यांचा मुलगा. संप चालू असताना कामावर जातो म्हणाला, म्हणून यांनी घराबाहेर काढला. पुन्हा आला नाही.

"मी त्याला सगळं सांगायचो, वैनी. आई गेली ते सांगितलं. माझं चुकलं म्हणून सांगितलं. सगळं त्या मशीनला."

मी म्हटलं, शिरा गरम आहे तोवर खा.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला, हॅलो म्हणाले. पुन्हा हॅलो म्हणाले. पलीकडून आवाज नाही. आता ठेवतील म्हणून मी ताट पुढे केलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"विजू," ते फोनमध्ये म्हणाले, "जेवलास काय रे?"